दही-साखर आणि बर्फाची पेटी

१६ एप्रिल
आमच्या डेअरी संस्थेत दूध आणखी कमी आलं. म्हशी आटल्या, छावणीतल्या चाऱ्यावर किती देणार? हे बीडला डायलिसिस करून आले ते आडवेच झाले. डोळे पाण्याच्या तांब्यावर. म्हटलं, डॉक्टरांनी मोजून दिलेलं तुमचं आजचं पाणी संपलं. म्हणाले, "गावाला टँकरचं माप, मला तुझं." स्वतःच हसले. मला मेलं हसू येईना.

२१ एप्रिल
औरंगाबादच्या दवाखान्यातून किडनीच्या यादीचं बघणाऱ्या मॅडमचा फोन. यादीत ह्यांचं नाव वर आलंय, फोन बंद ठेवू नका. माझी किडनी चालली असती तर केव्हाच दिली असती, रक्तगट आडवा आला. विचारलं, परक्या गावाहून येईपर्यंत ती टिकते कशी? तर म्हणे थंड औषधी पाण्यानं आतलं रक्त धुऊन काढतात, पिशवीत पिशवी घालतात, मग बर्फाच्या पेटीत. गोठू मात्र द्यायची नाही. थंडीत ती निजते, मरत नाही. म्हणजे आमच्या दुधाच्या कूलरसारखंच की! दिवसभर डोक्यात तेच.

४ मे
दुपारी बोलावणं आलं. नांदेडचा कुणी अपघातात गेला, घरच्यांनी किडनी द्यायला हो म्हटलं. देव त्यांचं भलं करो. संस्थेचा टेम्पो घेऊन निघालो, सासूबाई हट्टानं सोबत. सगळ्यांना बजावलं, ह्यांना काही खाऊ घालायचं नाही. पोट रिकामं लागतं.

५ मे
काल रात्री रक्त जुळलं, पेटी आली, ह्यांना आत नेणार, तेवढ्यात मी सही करायला गेले. सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. वाटीभर दही-साखर. शुभकामाला निघालेला लेक तसाच कसा जाऊ द्यायचा! आणि हे मुकाट्यानं खाऊन बसले. भूलवाल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कबूल केलं. सहा तास थांबा म्हणाले. मी सासूबाईंवर ओरडलेच.
"दही-साखर म्हंजी काय खाणं हाय का?" त्या म्हणाल्या.
संस्थेतला बर्फ घालून जपून आणलं होतं दही.
बाकावर जालन्याचा एक पेशंट. ह्यांचं नाही जमलं तर त्याला, म्हणून बोलावलेला. उपाशी, तयार. त्याची बायको माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, पेटी लवकर पोचलीय, बर्फात थांबेल, पण जितकी थांबेल तितकी उशिरा जागी होईल. ह्यांच्यासाठी थांबले. आज पहाटे बसवली. जालन्याची माणसं गेली. जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तिथं मला रडू फुटलं.

८ मे
लघवी नाही. पिशवी कोरडी ठाक. डायलिसिस पुन्हा. डॉ. म्हणतात, निजलीय, उठेल. उठेल म्हणजे कधी, ते कुणी सांगेना.

९ मे
सासूबाई जेवत नाहीत. मीही चार दिवस अबोला धरला होता, राग जाईना. आज व्हरांड्यात हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळंच निजली व्हय गं ती?"
सगळा राग कुठं गेला कुणास ठाऊक. म्हटलं, "आत्याबाई, निजली म्हणून तर टिकली. चला, दोन घास खा." भाकरी मोडून हातात दिली. खाल्ली.

१२ मे
सकाळी सिस्टरनं हाक मारली. नळीतून पिवळं काहीतरी उतरलं होतं. चमचाभर असेल. सासूबाई पिशवीला हात जोडून उभ्या! डॉ. म्हणाले, लगेच नाचू नका, अजून काही दिवस बघू. पण आजपासून जेवढी लघवी होईल, तेवढं पाणी जादा द्यायचं.
मी वाटीत दोन घोट ओतले. ह्यांनी एकदम प्यायलं नाही, तोंडात धरून ठेवलं. मग म्हणाले, "आता माप तुझं न्हाई, तिचं."
दुपारपासून पिशवीकडेच बघत बसलोय तिघंही.