थ्रॉटल लॉक काढून टाकलं

जैसलमेर

ती. बाबा,
नमस्कार आणि तक्रार.

फोनवर तुम्ही बोलूच देत नाही, म्हणून लिहितेय. माझ्या हाताला आराम मिळावा म्हणून तुम्ही खास ठाण्याहून थ्रॉटल लॉक आणून बाइकला बसवलंत. मूठ न पिळता गाडी पळते, खरंय. पण काल समोर उंट आला. मी ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच ओढत होती! आधी लॉक सोडवायचं, हे घाबरल्यावर आठवतं कुणाला? थोडक्यात वाचले. ते काढून बॅगेत टाकलंय.

आता "ग्रिपला स्पंज लाव" म्हणू नका!

आईची पाठ कशी आहे? तिला उंटाचं कळू देऊ नका.

अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. काल उरलेला रस्ता मूठ पिळून उजवा जरा बधिर झालाय. आज गाडी उभीच ठेवलीय.

तुमची वैतागलेली,
कादंबरी