सोळा नंबरची विहीर

६ एप्रिल, सोम.
आजपासून ट्रेनिंग, शुक्रवारपर्यंत. फळ्यावर मोठं लिहिलंय ‘खुलं विज्ञान’. पुण्याहून आलेले सर लई गोड बोलतात, तिथंच मला शंका आली. म्हणे संस्थेनं जे मोजलं ते सगळं नेटवर ठेवायचं. कुणीही बघावं, तपासावं, वापरावं.
विचारलं, "कुणीही म्हणजे कोण?"
सर हसले. "कुणीही."
हे काय उत्तर झालं?
देशपांडे मॅडमनी डोळे वटारले. पाण्याचा अभ्यास त्यांचा, मी त्यांचा कंत्राटी माणूस. काम एकच : दर आठवड्याला गावोगावच्या विहिरींत टेप सोडायची, पाणी किती खोल ते वहीत लिहायचं. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला या साहेबलोकांत का बसवलं असेल? काहीतरी आहे. चहा मात्र बरा. दोनदा घेतला.

७, मंगळ.
कळलं का बसवलं ते. माझीच वही चढणार नेटवर. नुसती खोली नाही, प्रत्येक विहीर नक्की कुठं आहे तेही. नकाशावर ठिपका!
सोळा नंबर मल्लव्वाची. अक्कलकोटच्या अलीकडं, फाट्यापासून आत, बाभळींच्या मागं. शेजारच्या विहिरींचा तळ दिसतोय, हिच्यात पाणी. पहिल्या खेपेला तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी दिली, पण टेप सोडू देईना. शेवटी म्हणाली, "मोज तम्मा. पन हितं नीरू, पानी हाय हे कुनाला कळता कामा न्हाय. बोअरवाल्यास्नी वास लागला की बाजूच्या रानात भोकं पडत्यात, आन माजी हीर आटती."
विहिरीच्या काठावर हात ठेवून शब्द दिला. मॅडमना सांगितलं नाही. त्या फोनवर कुणाकुणाशी बोलतात काय माहीत.

८, बुध.
फाइल आजच चढली, सरावासाठी म्हणून. इरफाननं बटण दाबलं. आकडे भरायचं काम त्याच्याकडं. वर मलाच म्हणतो, "होगया मियां, अब पूरी दुनिया देखती तेरी विहीर."
जेवणाची सुट्टी होईस्तोवर घड्याळ बघत बसलो.
जेवायला सगळे खाली गेले तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर बसलो. सोळा नंबरच्या अक्षांश-रेखांशाचे शेवटचे आकडे बदलले, जरासेच. परत चढवली. कुणी बघितलं नाही.
मग ऑफिसात मन लागेना. तळ्याकाठी गेलो. एकजण मासे धरत होता, गळाला काय लावायचं यावर त्याच्याशी बोलत बसलो, दुपार गेली. गव्हाच्या पिठापेक्षा ज्वारीचं बरं म्हणतो. खोटं वाटतंय.

९, गुरु.
सरांनी नकाशा भिंतीवर लावला. माझ्या ठिपक्यांचा. "ही सोळा नंबरची विहीर रेल्वेच्या रुळावर कशी आली?"
हॉल हशानं फुटला. मागून अकाउंटचा शिंदे : "टेप सोडायला गाडी थांबवली होती काय रे?"
मी पण हसलो. म्हणालो, टायपिंगची चूक असेल.
"बघू या की. जुनी प्रत आहेच." सरांनी एक क्लिक केलं आणि पहिली फाइल तशीच्या तशी वर. खरा ठिपका, बाभळींसकट म्हणा. एकदा चढवलं की प्रत्येक बदल राहतो म्हणे, कधी केला आणि कुणी केला तेही.
कुणी केला, तिथं इरफानचं नाव. मी त्याच्याच नावानं बसलो होतो ना!
इरफान पांढरा पडला. "मैं नै किया सर, खुदा कसम."
उभा राहिलो. मीच केलं म्हणालो.

१०, शुक्र.
मॅडमच्या खोलीत. वाटलं, गेली नोकरी. कुर्डुवाडीला मित्राकडं जाऊ, असंही ठरवून टाकलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"
"शब्द दिला होता."
"अरे, मग ठिकाण तालुक्यापुरतंच ठेवलं असतं. खाली लिहायचं, मालकिणीनं नको म्हटलं म्हणून नेमकी जागा दिलेली नाही. झाकायला कुणाची ना नाही. खोटी जागा लिहिलीस ती चूक."
एवढं सोपं? सोमवारीच यांनी का नाही सांगितलं मग?
पहिली प्रत नेटवरून काढायला सरांनी साइटवाल्यांना कळवलंय. आज तरी अजून दिसतेच आहे. आणि तिच्याखाली बारीक अक्षरात : चौघांनी उतरवून घेतली. मॅडम एक, सर एक, इरफान एक. मी नाही घेतली. चौथा कोण?
सर म्हणाले, असेल वर्गातलंच कुणी. वर्गात एकेकाला विचारलं. सगळे नाही म्हणाले. शिंदे नाही म्हणाला, पण मोबाइलमधून मान वर न काढता.
मॅडम : "सोमवारी जा, बाईंना सगळं खरं सांग. ठिकाण झाकून आकडे ठेवायचे का विचार. हो म्हणाल्या तर कागदावर अंगठा घे. नाहीतर सोळा नंबर काढून टाकू."

१३, सोम.
फाट्यावर उतरलो तर बोअरची गाडी उभी. मागं पाइपांचा ट्रक. ड्रायव्हर चहा पीत होता.
"कुणाच्या रानात?"
"तुला रं कशाला?"
पळतच आत आलो. मल्लव्वा विहिरीवर. "आज तुजा वार न्हाय की, तम्मा."
सगळं सांगितलं. फाइल, ठिपका, रूळ, चौघं. तिनं पोहरा पूर्ण वर ओढला, मगच बोलली. "कोन चौगं?"
"तिघं माहीत हायत, अव्वा."
"आन चौता?"
फाट्यावरची गाडी पण सांगून टाकली. शिव्या देईल वाटलं, तिनं तांब्या पुढं केला. "पी आदी. धावून आलायस."
कागद काढला. तिनं उलटसुलट बघितला, घडी घालून कमरेला खोचला.
तेवढ्यात फाट्याकडनं इंजिन सुरू झालं.
"ते कुटं थांबतंय ते बगू," म्हणाली, "मग अंगटा."
टेप सोडली. पाणी मागच्या खेपेएवढंच. आकडा तिला वाचून दाखवला, मग वहीत लिहिला. आता विहिरीच्याच काठावर बसून हे लिहितोय. मल्लव्वा बाभळींकडं तोंड करून उभी.
इंजिन थांबलंय. फाट्यापलीकडं की अलीकडं, हितनं कळत नाही.