आबांची उरलेली बोली

शहागंज, औरंगाबाद
ता. ४ जानेवारी १९५०

ती. सौ. द्वारकाताईस बद्रीनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आबांचा उजवा हात लुळाच आहे. अर्धांगवायूनं गेलेली वाचा मात्र परवा परत आली. पण मराठी नाही, नुसती उर्दू! हयातभर तहसिलीत साहेबांपुढे कागद ठेवायची पेशकारी ज्या बोलीत केली, ती उर्दू. ऐकून किळस येते. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी याच बोलीत शिव्या देत बन्सीदादाला मारलं. आता दादाच्याच बापाच्या तोंडून ती दिवसभर ऐकायची!

आईला उर्दू कळत नाही. तिला वाटतं, आबांना जिंद लागलाय, मुसलमानी भूत. तिनं कडूबा भगताला बोलावलं. त्यानं नाकाशी मिरच्यांची धुरी दिली. आबा खोकून खोकून हिरवेनिळे झाले. मी अडवलं नाही. पाणीसुद्धा मराठीत मागतील तेव्हाच देतो म्हणालो. संध्याकाळची आरती मात्र आईबरोबर खाडखाड म्हणतात. मग हे ढोंग नाही तर काय?

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बद्रीनाथ

पैठण
ता. ९ जानेवारी

चि. बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून ओकारी आली. उर्दूची नव्हे, तुझी. लुळ्या बापाच्या नाकाशी मिरच्या जाळतात आणि तू, उर्दू शाळेत पहिला आलेला, उभा राहून बघतोस? तहानलेल्याची परीक्षा घेतोस? लाज कशी वाटली नाही रे?

आरती म्हणजे बोलणं नव्हे. ती ओठांना पाठ असते. माझ्या सासूबाई झोपेतही म्हणतात. इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की, अशा झटक्यानं कधी एक बोली दबते आणि दुसरी तेवढी उरते, त्यात रोग्याची मर्जी चालत नाही. दादा माझाही होता, पण त्याला माणसांनी मारलं, बोलीनं नाही.

मला नववा लागलाय, मोटारीचे धक्के सोसवायचे नाहीत, नाहीतर तुझे कान उपटायला आलेच असते. आबांजवळ बस. त्यांचं शेवटपर्यंत ऐक आणि त्यांना कळेल अशा बोलीत उत्तर दे. तेवढं केलंस तर माझा लोभ आहेच.

तुझी ताई,
द्वारका

शहागंज, औरंगाबाद
ता. १४ जानेवारी

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

आज संक्रांत, पण तोंडाला चव नाही.

आजवर आईच चोरून पाणी पाजायची; तुझं पत्र मिळताच मी आबांना पाणी दिलं आणि खाटेशी बसलो. इतके दिवस उर्दूचे दोन शब्द कानी पडले की मी उठून जायचो. म्हणून कळलंच नाही. ते अर्ज करत होते, ताई. माझा मुलगा बन्सी घरी आलेला नाही, सरकारनं तपास करावा. पुन्हा पुन्हा तेच, अगदी कचेरीच्या थाटात. दादा गेल्याचं त्यांच्या डोक्यातून पुसलंच गेलंय.

उत्तर द्यावंच लागलं. बन्सीला जाऊन दीड वर्ष झालं, हे मी त्यांना उर्दूत सांगितलं. सांगताना किळस आली ती माझीच.

वाटलं होतं, आबा गळ्यात पडून रडतील. पण आपल्याशी ते जन्मभर मराठीतच बोलले. उर्दूत त्यांना लेकरं नव्हतीच, नुसते साहेब होते. त्यांनी डावा हात कपाळाशी नेला, मला सलाम केला आणि हुजूरांनी एवढी तसदी घेतली म्हणून आभार मानले.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

बद्रीनाथ