पाचवे दहा मणी

प्रिय आई,

आशीर्वादासाठी तुझा हात दुरूनच कपाळाला लावतो. मी धडधाकट आहे, रोज पोटभर मासे-भात खातो. तुझे गुडघे कसे आहेत?

ताईने कळवलं, की संध्याकाळी गल्लीतल्या बायका आपल्याकडे माळ जपायला जमतात आणि शेवटचे, म्हणजे पाचवे, दहा मणी माझ्या परीक्षेसाठी असतात. पासिंगमावशी तर मोठ्याने म्हणतात, "मरियामाते, या गाढवाला एकदाचं पास कर, म्हणजे आमचे गुडघे सुटतील!" वाचून हसलो, मग ताट बाजूला सारलं.

आई, परीक्षा नाहीच. वर्गातल्या मिंदाचं लग्न ठरलं, म्हणून मी कॉलेजच्या अंगणात तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मारलं आणि त्याच पावली कॉलेज सोडलं. जूनपासून इथे सेबूत एका कारखान्यात नव्या गिटारी घासतोय. ती अजून आठवते.

तू दिलेली माळ उशाशी आहे, पण हात लावायची हिंमत होत नाही. तिकडे तुम्ही सगळ्या माझ्या खोट्यासाठी गुडघे टेकता.

बायकांना काय सांगायचं ते तू ठरव. फक्त पत्र पोचेल त्या संध्याकाळपासून शेवटच्या दहा मण्यांना परीक्षेचं नाव घेऊ नकोस. नुसतं माझं घे. मी रोज त्या वेळी माळ हातात घेऊन बसेन.

तुझाच गाढव,
क्रिसांतो