पायपुसण्यांचं दुकान

ती. वहिनींना,

धाकट्या दिराचा दुरूनच वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? दादाचा खोकला गेला, की अजून सकाळी घर उठवायचं काम त्याच्याकडेच आहे? मी ठीक आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात, पण फरशी बसवणाऱ्याचे गुडघे कुरकुरले नाहीत तर मुकादमालाच संशय येतो. अक्षराला नावं ठेवू नका. शाळेने मला आणि मी शाळेला फार लवकर सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. फोनच केला असता, पण तुम्हाला फोन आला की दादा तो स्पीकरवर टाकतो, आणि हे दादाने ऐकायचं नाही.

तर विषय असा की आपल्या घरातली नवी फरशी काढून टाकायची आहे. सगळी. (तुम्ही आता पत्र खाली ठेवून कपाळावर हात मारला असेल. मारून झाला की पुढे वाचा.)

तुम्हाला वाटेल, याच्या पायाला भिंगरी होती ती आता डोक्यात शिरली. मीच सुट्टी काढून आलो, बाबांना आत्याकडे पाठवलं, तुम्हा दोघांना धुळीत जेवायला लावलं, आणि ओटीपासून न्हाणीघरापर्यंत एकच पांढरी गुळगुळीत फरशी घातली ती मीच. पण त्याचं कसं झालं, मी इथे ज्या बंगल्यांमध्ये राबतो तिथल्या जमिनी म्हणजे नुसतं पाणी. मुकादम नेहमी म्हणतो, जमीन अशी पाहिजे की एक खोली संपून दुसरी कधी लागली ते कळू नये. हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आणि आपलं घर कसं, तर जसजशी सोय झाली तसतसं वाढलेलं. ओटीला खरबरीत काळा दगड, पुढच्या खोलीत मोझॅक, स्वयंपाकघरात कोबा आणि त्या कोब्याला दारापासून ओट्यापर्यंत गेलेली लांबलचक भेग, बाबांच्या खोलीत करकरणाऱ्या फळ्या, न्हाणीघरात कुणाच्या तरी बांधकामातून उरलेले तुकडे. मला लाज वाटायची. घर नव्हे, गोधडी. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणालात की स्वयंपाकघराचा कोबा राहू दे की. मी तुम्हाला जुन्या वळणाची म्हणालो आणि उंबरेसुद्धा उखडले. वहिनी, तो शब्द मी परत घेतो. उंबरे परत घेता आले असते तर तेही घेतले असते.

फरशी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही दारादाराशी पायपुसणी टाकलीत. ओटीच्या दाराशी काथ्याचं, स्वयंपाकघराशी गोणपाट, न्हाणीघराशी चिंध्यांचं. मला इतका राग आला. एवढी आरशासारखी जमीन आणि वर पायपुसण्यांचं दुकान. तुम्ही कामाला गेलात तशी मी ती गुंडाळून ठेवून दिली. नंतर तुम्ही दोनतीनदा विचारलंत आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. (बाई फार काटकसरी आहे, असंही मनात म्हटलं. तेही परत घेतो.)

त्याच संध्याकाळी बाबा आत्याकडून आले. ओटीवर उभे राहून छताकडे बघत म्हणाले, छान झालीय जमीन. मला वाटलं, आनंदाने मान वर गेली. दुसऱ्या दिवशी दाढीचं सामान घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि फडताळासमोर बसून तोंडाला फेस लावला. मी विचारलं तर म्हणे इथे उजेड बरा आहे. नंतर कुणीतरी दार वाजवलं तर बाबांनी जाऊन कपडे ठेवायचं कपाट उघडलं आणि दादाच्या शर्टांना म्हणाले, या, बसा. मी हसून हसून खाली बसलो. बाबा म्हणाले, झुरळ बघत होतो. झुरळाला कुणी बसा म्हणतं का? पण मी पडलो गाढव, मला वाटलं म्हातारा मजा करतोय.

मग मात्र ते खुर्चीत बसले ते बसलेच. वहिनी, ज्या माणसाला घटकाभर एका जागी बसवत नव्हतं, जो घरातल्या घरात मैलभर चालायचा, ज्याच्याकडून ही भिंगरी माझ्या पायात आली, तो भिंतीला पाठ लावून बसला. दुपारी तुम्ही दोघं कामावर, घरात आम्ही दोघंच. एकदा उठले, चार पावलं टाकली आणि थांबून अगदी हळू म्हणाले, मी कुठे उभा आहे रे? मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या दारात. तर म्हणाले, "इतकी वर्षं पायांनी बघत होतो. तू पायांनाही आंधळं केलंस, आणि वर विचारतोस आवडली का."

बाबांना जवळजवळ काही दिसत नाही. फिरायला जातो सांगून एकटेच डॉक्टरकडे जाऊन आलेत, आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं ऐकून गप्प बसलेत. दादाला कळलं तर तो मला खुर्चीतून उठू देणार नाही, म्हणाले, आणि सुनेला कळलं तर ती काळजीने अर्धी होईल. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. (लिहायचं नाही असं काही म्हणाले नव्हते.) मला ते बघवेना. काम निघालं असं सांगून मी लवकर परत आलो. काम निघालं नव्हतं.

आता इथे गुडघ्यांवर बसून दुसऱ्यांच्या खोल्या एकसारख्या करताना मी मनात आपलं घर परत वेगवेगळं करतो. ओटीला तोच काळा दगड, पॉलिश न केलेला, म्हणजे पाय टेकला की कळेल, पुढे बाहेर आहे. पुढच्या खोलीत मोझॅक. स्वयंपाकघरात कोबा, आणि भेगेच्या जागी दारापासून ओट्यापर्यंत दगडाची बोटभर खरबरीत पट्टी (कुणी विचारलं तर सांगायचं, हल्ली अशीच फॅशन आहे). न्हाणीघरात लहान लहान खडबडीत तुकडे, कारण जितके सांधे जास्त तितका पाय धरतो. बाबांच्या खोलीत फळ्याच, आणि त्या करकरल्या पाहिजेत, मी मुद्दाम सैल ठोकीन. उंबरे होते तेवढ्याच उंचीचे. माझ्या खोलीत काहीही चालेल, मी तिथे असतो कधी.

बाकी सर्व ठीक. बाबांना नमस्कार सांगा, पत्राचं सांगू नका.

तुमचा,
भिंगरी

ता. क. खरं काम असं आहे की मला घरी येऊ द्यायला दादाला पटवा. निघताना तो म्हणाला होता, आता या घरातल्या एका विटेलाही हात लावू नकोस. आणि ती फरशी तो स्वतः फडक्याने पुसतो, पाहुण्यांना चपला काढायला लावून दाखवतो. कारण त्याला सांगता येणार नाही, म्हणून धाकट्याचं डोकं फिरलंय असंच सांगा. ते त्याला लगेच पटेल.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करता करता थांबलो. जुने काळे दगड दादा टाकून द्यायला निघाला होता, तेव्हा धुणं धुवायला होतील म्हणून ते तुम्ही भिंतीला रचून ठेवायला लावलेत. वहिनी, एवढ्या दगडांवर सगळी गल्ली धुणं धुवेल. आणि घरात वावरताना तुम्ही दर वेळी मोठ्याने म्हणता, बाबा, मी ओटीवर आहे, बाबा, मी ओट्याशी आहे. मला वाटायचं, सवय आहे. तुम्हालाही बाबांनी शपथ घातली होती ना? म्हणजे एवढं लांबलचक पत्र मी तुम्हाला ठाऊक असलेलंच कळवायला लिहिलं.

पायपुसणी माझ्या खोलीतल्या माळ्यावर आहेत, उरलेल्या फरशीच्या खोक्यामागे. आधी ती काढा, दादाशी नंतर बोला. कुठलं कुठल्या दाराशी, ते मी तुम्हाला काय सांगणार.