त्रिंबक उकर्डे यांच्या घराची, गाडीची आणि फिरत्या मेळाव्याची व्यवस्था

मी, त्रिंबक कडुबा उकर्डे, वय एकोणसत्तर, धंदा पूर्वी बस दुरुस्ती, हल्ली काही नाही, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणायला घरात कोणी नाही, हेही नोंदवून ठेवतो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. गारखेड्याचे दोन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव माझी एकुलती एक मुलगी मंजुषा, राहणार पुणे, हिला मिळावी. तिच्या आईच्या, म्हणजे माझी दिवंगत पत्नी सत्यशीला हिच्या, साड्या कपाटात तशाच आहेत. डांबरगोळ्या मी दर दिवाळीला बदलतो.

२. पाने, जॅक आणि वेल्डिंगचे मशीन करमाडचा गॅरेजवाला सोमनाथ याला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. माझी शाळेची भंगार मिनीबस कापून तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी त्यानेच बसवली. तेव्हा भावकी हसली. "मेंढरामागं फिरणाऱ्याचं पोरगं, घरात टिकतंय व्हय?" खरंच होतं ते. वडील आठ-आठ महिने मेंढरांमागे असत, आणि मलाही उंबरठ्याच्या आत नीट झोप लागत नाही.

३. त्या मिनीबसमुळे कॅम्पर व्हॅनवाल्यांचा वार्षिक मेळावा सुरू झाला. पहिल्या वर्षी वेरूळजवळच्या माळावर तीन गाड्या होत्या, गेल्या वर्षी साठ. जागा दर वर्षी नवी. माझ्यामागे मेळाव्याचा कारभार पुण्याच्या ऋतुराजने पाहावा. हा मनुष्य मला आवडत नाही. याच्या गाडीत कॉफीचे मशीन आहे, पण घाणीची टाकी रिकामी करायची म्हटली की याची कंबर धरते. मेळावा कायमचा एका रिसॉर्टवर न्यावा, असेही त्याने तीनदा सुचवले. तरी काम नेटके करतो, तेव्हा अडला हरी म्हणून त्यालाच सोपवतो.

अट एकच. चुलींवर पाणी ओतून, कचरा वेचून, आयोजकाची गाडी सगळ्यांच्या शेवटी निघाली पाहिजे. बाकीचे हॉर्न वाजवत, "पुढच्या वर्षी भेटू, काका" म्हणत जातात, आणि दुपारपर्यंत माळावर मी एकटा असतो. सत्यशीला होती तेव्हा आम्ही दोघे उरलेल्या भाकरीचा कुस्करा खात बसायचो. ती गेल्यापासून ती दुपार मला खायला उठते.

४. "जिथे फोनला रेंज, तिथे मुक्काम नाही" हा मेळाव्याचा नियम मी केला होता. तो मी रद्द करतो. तसेच ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला मेळाव्यात घेऊ नये. तो आलाच तर परत पाठवावा.

५. हे कलम मंजुषासाठी. जानेवारी २०२२ मध्ये सत्यशीलाला ताप होता. "जावा तुम्ही, लोकं लई लांबून येऊ लागलेत. म्या पडून ऱ्हाते," असे ती म्हणाली, आणि मला तेच ऐकायचे होते. मी कन्नडच्या पलीकडे, घाटाखाली मेळाव्याच्या मुक्कामाला गेलो. शनिवारी सकाळी ती वारली. मंजुषाने मला फोन लावून लावून शेवटी स्वतः आईला अग्नी दिला. मी रविवारी दुपारी सगळ्यांच्या मागून घाट चढलो, तेव्हा कुठे फोन वाजला.

तेराव्याला तिने विचारले, "अण्णा, एवढी एक खेप रेंजमध्ये ऱ्हायले असते तर काय बिघडलं असतं?" मी म्हणालो, "नियम म्हंजे नियम." तेव्हापासून ती या घरात आलेली नाही.

मंजुषा, चूक माझी होती, सगळी. तुझी आई थकलेली मला दिसत होती आणि मी निघालो. हे तुझ्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहितो.

६. मिनीबसही मंजुषाला. नको असेल तर तिने ती भंगारात घालावी, पण ऋतुराजला देऊ नये.

सहीपूर्वीची नोंद: साक्षीसाठी शेजारच्या बाईंना बोलावले. मेळाव्यातली साठ माणसे मी हॉर्नवरून ओळखतो, पण भिंतीपलीकडच्या बाईंचे आडनाव मला विचारावे लागले. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही असे सांगूनही लीलाबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले. मग म्हणाल्या, "दादा, हे पोरीला तुम्ही मेल्यावर कळायचं व्हय? मंग तिनं भांडायचं कुणाशी?"



सबब कलम ५ वर मी रेघ मारली असून तेथे सही केली आहे. ते रद्द समजावे. त्यातला मजकूर मंजुषाला तोंडाने सांगण्यासाठी मी उद्या सकाळी पुण्याला निघत आहे. तिने दार उघडले नाही तर तिच्या गल्लीत गाडी लावून राहीन. ती खाली येऊन भांडेपर्यंत हलणार नाही.

सही: त्रिंबक कडुबा उकर्डे

आम्हा दोघींसमक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली:

१. लीलाबाई रामराव गायके, गारखेडा
२. डॉ. सायली देशमाने (यांना आज तपासले, पूर्ण शुद्धीवर आहेत. रक्तदाब थोडा जास्त. प्रवासास हरकत नाही.)

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५