चिमणीच्या वर्गातला शनिवार

प्रिय ताई,

परत तेच! हातांनी बोलायला लागली की पोरगी तोंडाने बोलायचं विसरेल, हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? नऊ वर्षांची झाली चिमणी. दिवसभर लोकांचे ओठ बघून डोळे शिणतात तिचे. आणि तोंडून 'आई' सोडून काय निघतं, तूच सांग. फोनवर भांडलो की तू कट करतेस, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस, शाळा कितवीत सुटली तुला ठाऊक आहे.

माझं काय, इथे परदेशात हॉटेलच्या चादरी धुतो. उभं राहून पाय सुजतात, खोलीवर आल्यावर बूट काढायचाही कंटाळा येतो. यंत्रांचा एवढा आवाज की शेजारच्याचं ऐकू येत नाही. इस्त्रीवर एक बहिरा गडी आहे. आम्ही घसा फोडतो, तो निवांत हातांनी बोलतो. त्याच्याकडून थोडं शिकलो. गरम, थांब, साहेब आला. साहेबाची खूण म्हणजे पोट पुढे! म्हटलं, आता भाचीशी गप्पा मारणार, मामा आहे का चेष्टा!

गेल्या रविवारी व्हिडिओ लावला तेव्हा तू शेगडीपाशी होतीस, फोन चिमणीच्या हातात. मी हात चालवले, तिला ओ की ठो कळेना. इथल्या खुणा वेगळ्या नि तिकडच्या वेगळ्या, मला गाढवाला कुठे माहीत! ती हसली. मग तिच्या खुणांनी काहीतरी सांगायला लागली. मी आपला मान डोलावतोय, हो हो, छान छान. तेवढ्यात खेळायला आलेली, शाळेत तिच्या बाकावर बसणारी ती दोन वेण्यांची पोर मधे घुसली, मामा, हसताय काय, तिची दाढ ठणकतेय, कालपासून धड जेवली नाहीये. मधल्या सुट्टीत खुणा शिकलीय म्हणे चिमणीकडून.

आणि आदल्या दिवशी तूच मला सांगत होतीस, पोरगी हट्टी झालीय, ताट सरकवते.

दाढ काढलीस, बरं झालं. पण मला ते ताट दिसत राहतं गं. तिने तुलाही सांगितलंच असणार ना?

म्हणून हे पत्र. शाळेतल्या चिमणीच्या खुणांच्या बाई, स्वतः बहिऱ्या असलेल्या, तीन महिने दर शनिवारी सगळ्या वर्गाला खुणा शिकवायला तयार आहेत. मुख्याध्यापिका फक्त तुझ्या 'हो'साठी थांबल्यात. तू म्हणतेस, चारचौघांत पोरीचं बहिरेपण कशाला मिरवायचं. अगं, वर्गाला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. हो म्हण, आणि मागच्या बाकावर तूही बस. शनिवार बुडला की शिवणकामाचा पगार कापतात, हे तुझं दुसरं कारण. ते मी मिटवतो. पहिलं तुझं तू बघ.

तुझाच,
हातवारे चुकलेला भाऊ

ता. क. तीन महिन्यांचे शनिवार धरून सहा हजार पाठवतोय.